पुण्यातले मालाचे ट्रक इलेक्ट्रिक केले तर कार्बन किती कमी होईल, हे सिम्युलेशनने कसं काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात ट्रान्सपोर्टेशनमध्ये एम.टेक. करतायत. त्यांनी 'वाहन' या सरकारी गाडी-नोंदणी पोर्टलच्या डॅशबोर्डवरून पुणे आणि पिंपरी-चिंचवड आरटीओच्या मालवाहू गाड्यांचे आकडे घेतले, प्रत्येक गाडी रोज ८० किमी चालते असं धरलं, त्यातल्या ३० टक्के इलेक्ट्रिक केल्या आणि कार्बनची घट आली बरोब्बर ३० टक्के. गाईड म्हणाले, यात सिम्युलेशन कुठंय? आता त्यांना विचारायचंय की वाहतुकीच्या सिम्युलेशनसाठी मॅटसिम हे सॉफ्टवेअर शिकू का सुमो, डेटा कुठून आणू आणि चार्जिंग स्टेशन कुठे दाखवू.

मी बरीच वर्षं मालवाहतुकीच्या मॉडेलिंगमध्ये आहे, त्यामुळे उत्तर लांब होणार आहे. सॉफ्टवेअरचं मी मुद्दाम शेवटी घेतोय, कारण तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाहीये.

तुमचे गाईड बरोबर आहेत. ३० टक्के गाड्या बदलल्या आणि ३० टक्के घट आली याचा अर्थ तुम्ही इलेक्ट्रिक ट्रकचं उत्सर्जन शून्य धरलंत, आणि ट्रक बदलल्यावर बाकी काहीच बदलत नाही असंही धरलंत. म्हणजे तेवढ्याच फेऱ्या, तेवढाच माल, तेच रस्ते, त्याच वेळा. हे दोन्ही खरं असतं तर सिम्युलेशनची गरजच नव्हती, गुणाकारात काम झालं असतं. सिम्युलेशन लागतं ते एवढ्याचसाठी की ट्रक बदलला की त्याची फेरी बदलते, आणि फेरी बदलली की किलोमीटर, रिकामं धावणं, चार्जिंगची वेळ, त्या वेळची वीज हे सगळं एकामागोमाग बदलत जातं. म्हणून तुमचा खरा प्रश्न 'किती गाड्या इलेक्ट्रिक केल्या' असा नाहीये. तोच माल त्याच दुकानांत त्याच दिवशी पोचवायचा असेल तर इलेक्ट्रिक गाड्यांना काय काय करावं लागेल, हा तुमचा प्रश्न आहे.

आधी विजेचं बघू, कारण बहुतेक थिसिस इथेच घसरतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा उत्सर्जन आकडा काढतं, अलीकडच्या वर्षांत तो साधारण ०.७१ ते ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइड प्रति युनिट असा आहे. पण हा आकडा वीज केंद्राच्या दाराशी मोजलेला असतो. तिथून तुमच्या चार्जरपर्यंत येताना तारांमध्ये वीज गळते, चार्जर आणि बॅटरीतही थोडी जाते. दुसरीकडे डिझेलचा एक लिटर जळला की सुमारे २.६८ किलो निघतो, पण तेल काढणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं हे धरलं तर त्यावर साधारण वीसेक टक्के चढतात. बरेच जण विजेला मागपर्यंत मोजतात आणि डिझेलला फक्त सायलेन्सरपाशी, किंवा बरोबर उलटं करतात. दोघांना एकच फूटपट्टी लावा.

एक उदाहरण करून दाखवतो, आकडे तुमच्या डेटाप्रमाणे बदला. डिझेलचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, शहरात लिटरला १७ चं ॲव्हरेज देतो असं धरू. म्हणजे सायलेन्सरपाशी किलोमीटरला १५८ ग्रॅम आणि मागचं सगळं धरून १९० च्या आसपास. आता त्याचंच इलेक्ट्रिक रूप, टाटाचा एस ईव्ही बघा, २०२२ मध्ये आला तो, बॅटरी २१.३ युनिटची आणि प्रमाणित रेंज १५४ किमी. भागाकार केला तर किलोमीटरला ०.१३८ युनिट. पण ती चाचणीतली रेंज आहे. माल भरून, थांबत-थांबत, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ०.१८ धरू. चार्जिंगमध्ये १० टक्के आणि तारांमध्ये १२ टक्के गेले असं धरलं तर केंद्रातून ०.२२७ युनिट निघायला हवेत, त्याला ०.७२ ने गुणलं की १६४ ग्रॅम (कोळसा काढणं-आणणं यात अजून धरलेलं नाही, एकच फूटपट्टी लावायची तर तेही तुम्ही घाला). म्हणजे घट फक्त १४ टक्के! तीच गाडी प्रमाणित आकड्यावर चालवली तर ३४ टक्के. आणि ०.१८ च धरून निम्मी वीज गोडाऊनच्या पत्र्यावरच्या सोलरमधून घेतली तर ५७ टक्के. गाडी तीच, शहर तेच, आणि उत्तर १४ पासून ५७ पर्यंत फिरतंय. तुमच्या ३० टक्क्यांच्या गुणाकारात यातलं काहीच दिसत नाही.

हे वाचून इलेक्ट्रिकमध्ये काही अर्थ नाही असा निष्कर्ष काढू नका, मला तसं अजिबात म्हणायचं नाहीये. आज घेतलेला ट्रक पुढची दहा-बारा वर्षं तरी चालणार आणि त्या काळात ग्रिड बदलत जाणार. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता हे देशाचं जाहीर उद्दिष्ट आहे. डिझेल ट्रक मात्र पहिल्या दिवशी जेवढा कार्बन सोडतो साधारण तेवढाच शेवटच्या दिवशीही सोडतो. म्हणून प्रत्येक रन, म्हणजे मॉडेल चालवायची प्रत्येक खेप, निदान दोन ग्रिडवर करा, एक आजचं आणि एक पुढच्या दशकातलं, आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा.

आता वेळेचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि फार कमी लोक मॉडेलमध्ये घेतात. वार्षिक सरासरी ०.७२ आहे म्हणून दुपारी एक वाजताची वीज आणि रात्री दहाची वीज सारखी नसते. दुपारी ग्रिडमध्ये सोलर भरपूर असतं, संध्याकाळनंतर ते जातं आणि कोळसा वर येतो. देशाचं ग्रिड चालवणाऱ्या ग्रिड-इंडिया या सरकारी कंपनीच्या रोजच्या अहवालात कोळसा, जल, सौर, पवन अशी विभागणी मिळते, त्यावरून दिवस आणि रात्र असा ढोबळ का होईना पण वेगळा आकडा तयार करा. मग पुण्यातल्या गाड्यांचं वेळापत्रक त्यावर ठेवून बघा. छोट्या गाड्या सकाळी आठ-नऊला निघतात, दिवसभर दुकानं करतात आणि संध्याकाळी सातनंतर येऊन चार्जिंगला लागतात, म्हणजे नेमकी सगळ्यात काळी आणि टाइम-ऑफ-डे, म्हणजे वेळेप्रमाणे बदलणाऱ्या दरात महाग वीज घेतात. उलट अवजड गाड्यांना दिवसा शहरातल्या बऱ्याच रस्त्यांवर नो-एन्ट्री असते. त्या रात्री शिरतात, माल खाली करतात आणि दिवसा कुठेतरी उभ्या राहतात. म्हणजे नो-एन्ट्रीचे तास आणि सोलरचे तास बऱ्यापैकी एकावर एक येतात. ज्या मोठ्या गाड्या शहराच्या भोवतीच फिरतात, म्हणजे चाकण-तळेगाव-रांजणगाव पट्ट्यातल्या वाहन उद्योगाच्या मिल्क-रन गाड्या (एकाच फेरीत बऱ्याच पुरवठादारांकडून सुटे भाग गोळा करणाऱ्या), किंवा बाहेरच्या गोडाऊनमधून रात्री शहरात माल आणणारे आयशर, त्यांना दिवसा चार्ज करता आलं तर प्रति युनिट कार्बन बराच कमी पडतो. सगळे जण छोट्या गाड्यांपासून सुरुवात करतात कारण ते सोपं आहे आणि तिथे गाड्याही मिळतात. पण वेळेनुसार ग्रिड घातलंत तर तुमच्या मॉडेलमधून वेगळं चित्र निघू शकतं, आणि तसं निघालं तर तुमच्या थिसिसचं खरं योगदान तेच असेल असं मला वाटतं. छोट्या गाड्यांसाठीही एक सिनारिओ ठेवा, दुपारी दोन फेऱ्यांच्या मध्ये, माल भरेपर्यंत गोडाऊनवर तासभर चार्जिंग. तेवढ्याने किती फरक पडतो ते मोजा.

आता फेरी. समजा वाघोलीच्या गोडाऊनमधून सिंहगड रोडच्या दुकानांना रोज ३००० किलो माल द्यायचाय. जायला वीस-पंचवीस किमी, यायला तेवढेच, आणि मध्ये दुकानं. डिझेल गाडी कायदेशीर ७५० किलो नेत असेल तर चार फेऱ्या. २०२२ च्या एस ईव्हीची क्षमता ६०० किलो, म्हणजे पाच फेऱ्या. प्रति किमी १४ टक्के घट मिळाली पण जाण्यायेण्याचे किमी २५ टक्के वाढले, म्हणजे मघाचे १६४ ग्रॅम गुणिले सव्वा, २०५ झाले, डिझेलच्या १९० पेक्षा जास्त. आणि त्याच जागी २०२४ मध्ये आलेली १००० किलोवाली ईव्ही टाकली तर तीनच फेऱ्या, चित्र परत उलटं. हे सगळं 'एक डिझेल गाडी = एक इलेक्ट्रिक गाडी' धरलं की गायब होतं. त्यातही माल कुठला ते बघायला लागतं. चिप्स, टिश्यू पेपर, गादी असल्या मालाने गाडी जागेने भरते, वजनाने नाही, तिथे ६०० का ७५० याने काही बिघडत नाही. कांदा, तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्या, टाइल्स, सळई यांनी वजनाने भरते, तिथे प्रत्येक किलो मोजावा लागतो. त्यामुळे मालाचे निदान दोन प्रकार करा, जड आणि हलका, आणि दोघांना वेगळी क्षमता द्या.

इथे एक नाजूक गोष्ट येते ती म्हणजे ओव्हरलोड. ७५० किलोची गाडी प्रत्यक्षात किती भरते हे मार्केट यार्डाच्या गेटवर उभं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. तुम्ही बेसलाइनमध्ये, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या आजच्या स्थितीत, डिझेल गाडी कायदेशीर वजनाने चालवलीत तर तिच्या फेऱ्या खऱ्यापेक्षा जास्त दिसतील आणि इलेक्ट्रिकचा फायदा फुगेल. माझी पद्धत अशी की दोन बेसलाइन ठेवायच्या, एक कायदेशीर आणि एक प्रत्यक्षातली, आणि रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहायचं. लपवून काही मिळत नाही, परीक्षकांपैकी कुणीतरी हे विचारतंच.

बेसलाइनचं आणखी एक. तुम्ही सगळ्या गाड्या डिझेलच्या धरल्यात. पुण्या-मुंबईत छोट्या मालवाहू गाड्यांत सीएनजी आता खूप आहे, 'वाहन'वर इंधनाप्रमाणे फोड मिळते ती बघा. सीएनजीच्या गाडीच्या जागी ईव्ही आली तर कार्बनचा हिशोब वेगळा पडतो आणि धुराचा तर फारच वेगळा. तसंच नवी इलेक्ट्रिक गाडी आली म्हणून जुनी बीएस-३ गाडी (बीएस म्हणजे धुराची सरकारी मानकं, आकडा मोठा तितकी कडक) भंगारात जातेच असं नाही, पुष्कळदा ती विकली जाऊन तालुक्याच्या गावात चालत राहते आणि ईव्हीमुळे रद्द होते ती खरं तर नवीन बीएस-६ गाडीची खरेदी. केंद्राच्या २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ई-ट्रकसाठी ५०० कोटी ठेवलेत आणि ते अनुदान घ्यायला जुना ट्रक स्क्रॅप केल्याचं सर्टिफिकेट लागतं. ते अनुदान एन-२ आणि एन-३ साठी आहे, म्हणजे ३.५ टनांच्या वरच्या गाड्यांसाठी. म्हणून मोठ्या गाड्यांच्या सिनारिओत जुनी गाडी खरोखर कमी झाली असं धरायला आधार आहे, छोट्यांच्या सिनारिओत तेवढा नाही. कार्बनमध्ये बीएस-३ आणि बीएस-६ चा फरक थोडा असतो, काजळीत मात्र प्रचंड असतो. पुणे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांमध्ये आहे, तेव्हा तुम्ही सूक्ष्म कणांचा आकडाही वेगळा काढाच. कार्बनमध्ये १४ टक्के घट असलेली गाडी गल्लीतला धूर मात्र पूर्ण थांबवते आणि त्या गल्लीत राहणाऱ्यांसाठी ते आजच महत्त्वाचं आहे, ग्रिड स्वच्छ व्हायची वाट बघत बसायची गरज नाही.

'वाहन'च्या आकड्यांबद्दल. नोंदणी म्हणजे वावर नव्हे. एमएच १२ आणि एमएच १४ चे कितीतरी ट्रक चेन्नई-बंगळूरला असतात आणि मार्केट यार्डात उभे असलेले ट्रक साताऱ्याचे, नाशिकचे, नगरचे असतात. शहरात रोज किती फेऱ्या होतात हे नोंदणीतून कळणार नाही. ते गोडाऊनकडून, कंपनीकडून, ट्रान्सपोर्टरकडून येतं. पूर्ण शहराच्या मागे लागू नका, एम.टेक.च्या मुदतीत ते होत नाही. एक साखळी निवडा. एखाद्या एफएमसीजी, म्हणजे साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या वस्तूंच्या, डिस्ट्रिब्युटरचं वितरण, दूध, गॅस सिलिंडर, किंवा चाकणचा एखादा मिल्क-रन. ती नीट सिम्युलेट करा. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटानेही शहरातली सगळी मालवाहतूक एकदम घेतली नव्हती, किराणा दुकानांना माल पुरवणारी साखळी घेऊन त्या ट्रकचं विद्युतीकरण तपासलं होतं, आणि ते तर मॅटसिम घडवणाऱ्यांपैकीच आहेत.

पण बर्लिनची पद्धत जशीच्या तशी इकडे आणू नका. तिकडे ट्रक कंपनीच्या डेपोत रात्री उभा राहतो, त्यामुळे 'रात्री डेपोत पूर्ण चार्ज' हे गृहीतक चालून जातं. आपल्याकडे कंपनीच्या करारावरच्या गाड्या वेगळ्या आणि बाजारात भाड्यासाठी उभ्या राहणाऱ्या वेगळ्या. बाजारातल्या गाडीचा मालक बहुतेकदा स्वतःच ड्रायव्हर असतो, आज हडपसर, उद्या भोसरी, परवा परतीचं भाडं मिळालं तर भिवंडी. रात्री गाडी घराजवळ रस्त्याच्या कडेला लावतो. त्याला डेपो नाही, मीटर नाही, उद्याची फेरी माहीत नाही. दोघांना एकाच गटात टाकलंत तर उत्तर कुणालाच लागू पडणार नाही. मॉडेलमध्ये दोन वेगळे एजंट, म्हणजे स्वतःच्या नियमांनी वागणारे दोन प्रकारचे गाडीवाले, करा. पहिल्याला ठरलेल्या फेऱ्या आणि डेपो चार्जिंग द्या. दुसऱ्याला दिवसाची अनिश्चित मागणी आणि फक्त सार्वजनिक चार्जर द्या, आणि चार्जिंगसाठी वाकडी वाट करून गेलेले रिकामे किमी आणि रांगेत गेलेला वेळ दोन्ही त्याच्या हिशोबात धरा. माझा अनुभव असा की दुसऱ्या गटात बॅटरीची रेंज फार क्वचित आडवी येते, वेळ आडवा येतो. पाऊण तास चार्जरवर गेला म्हणजे एक भाडं गेलं.

ऊर्जेचं मॉडेल. किलोमीटरला ठरावीक युनिट हे सपाट शहरात, एकाच प्रकारच्या गाडीला कसंबसं चालतं. पुण्यात चालत नाही. निदान चार गोष्टी घ्या, टायरचं घर्षण, हवेचा रोध, चढ-उतार आणि थांबून पुन्हा वेग घेणं. शहरातल्या वेगाला हवेचा वाटा कमी असतो, वजनाचा जास्त. १६ टनी ट्रकला घर्षणासाठी चाकापाशी किलोमीटरला सुमारे ०.३ युनिट लागतात, ताशी ४० ला हवेसाठी ०.१ च्या आसपास. चढाचा हिशोब तर सोपा आहे, एक टन १०० मीटर वर न्यायला ०.२७ युनिट. म्हणजे खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरचा बोरघाट चढताना १६ टनी ट्रकला नुसत्या चढासाठी २४ युनिट लागतात, मोटरमधला तोटा धरायच्या आधी. उतरताना काही परत मिळतात, पण किती ते गाडी भरलेली आहे का रिकामी यावर ठरतं. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडचा उतार भरलेल्या गाडीने उतरला तर बॅटरी आधीच फुल नसेल तरच ती ऊर्जा घेता येईल, हे मॉडेलमध्ये घालायला लोक विसरतात. उंचीसाठी एसआरटीएमचा, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीचा, ३० मीटरचा डेटा फुकट मिळतो पण पुलांवर आणि बोगद्यांत तो खोटे चढ-उतार दाखवतो, तिथे हाताने दुरुस्ती करा. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झालाय, तोही भार धरा. डिझेलच्या बाजूलाही एसी धरा, नाहीतर तुलना परत वाकडी होईल.

बॅटरी पूर्ण वापरायला मिळत नाही. ड्रायव्हर १५-२० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही आणि ते शहाणपणाचंच आहे. शिवाय काही वर्षांनी क्षमता घटते. मी नेहमी नवी आणि ८० टक्क्यांवर आलेली अशा दोन बॅटऱ्यांवर रन करतो. पहिल्या वर्षी जमणारी फेरी पाचव्या-सहाव्या वर्षी जमली नाही तर ट्रान्सपोर्टरच्या दृष्टीने ती गाडी बादच.

ही सगळी रचना तपासायची कशी? आधी ईव्ही बाजूला ठेवा. तेच मॉडेल डिझेलवर चालवा आणि ट्रान्सपोर्टरच्या वहीतल्या ॲव्हरेजशी जुळतंय का बघा. डिझेलचं ॲव्हरेज प्रत्येक मालकाला तोंडपाठ असतं कारण त्याची कमाई त्यावर असते, मॉडेल प्रत्यक्षाशी जुळवायला, म्हणजे कॅलिब्रेशनला, याहून चांगला डेटा तुम्हाला मिळणार नाही. तुमचं मॉडेल आयशरला लिटरला ११ दाखवतंय आणि मालक ७ म्हणतोय तर मालक बरोबर आहे. तुमच्याकडे ट्रॅफिकमध्ये थांबून जळणारं डिझेल धरलेलं नसणार, किंवा वजन कमी धरलंय. आणि गंमत अशी की हे दुरुस्त केलं की बहुतेक वेळा ईव्हीचा फायदा वाढतो, कारण चाकण चौकात अडकलेला डिझेल ट्रक उभ्या-उभ्या इंधन जाळतो, इलेक्ट्रिक जवळपास काहीच जाळत नाही. म्हणून मघाचं डिझेलचं १७ चं ॲव्हरेज मोकळ्या रस्त्याकडे झुकणारं समजा, खऱ्या कोंडीत ते घसरतं आणि १४ टक्के घट वर जाते.

आता मॅटसिम का सुमो. सुमो हे प्रत्येक गाडी, प्रत्येक सिग्नल, प्रत्येक लेन पातळीवर चालतं. गोडाऊनच्या गेटसमोरची रांग, एका कॉरिडॉरवरचा वेग, थांबून-चालून लागणारी ऊर्जा यासाठी उत्तम. मॅटसिम हे अख्ख्या दिवसाचं, अख्ख्या शहराचं बघतं. त्याच्या मालवाहतुकीच्या भागात वाहक, त्यांच्या गाड्या आणि पोचवायचा माल देता येतो, फेऱ्या जेस्प्रिट नावाचं राउटिंगचं साधन ठरवतं आणि बॅटरीवरून अंतराची मर्यादाही घालता येते. तुमच्या प्रश्नाला मॅटसिम जास्त जवळचं आहे. पण खरं सांगायचं तर एक साखळी आणि चाळीस-पन्नास गाड्या असतील तर पायथन, ओपनस्ट्रीटमॅप या फुकट नकाशावरचे रस्ते आणि फेऱ्या ठरवायला गूगलचं ओआर-टूल्स एवढ्यात हे काम होतं, जावा शिकण्यात सेमिस्टर घालवायची गरज नाही. फक्त रस्त्यांचे वेग तासाप्रमाणे वेगळे द्या, आणि ते जीपीएसमधून काढा, नकाशावरच्या वेगमर्यादेवरून नको. काहीही वापरलंत तरी एक लक्षात ठेवा, हे राउटिंगवाले अल्गोरिदम दर वेळी थोडं वेगळं उत्तर देतात. एकाच सिनारिओचे वेगवेगळ्या रँडम सीडने (सीड म्हणजे अल्गोरिदममधल्या यादृच्छिक निवडींची सुरुवात ठरवणारा आकडा) बरेच रन घ्या आणि फरक किती येतो ते आधी बघा. नुसत्या सीडमुळे ३ टक्के इकडे-तिकडे होत असेल तर दोन सिनारिओंमधल्या २ टक्के फरकावर पानभर चर्चा लिहू नका.

चार्जिंग स्टेशन कुठे, हा प्रश्न तुम्ही सुरुवातीला विचारताय, तो शेवटी यायला हवा. ट्रक कुठे थांबतात आणि किती वेळ थांबतात हे सिम्युलेशनमधून निघालं की जागा आपोआप दिसतात. पण जागा दिसली म्हणजे वीज मिळाली असं नाही. १० ट्रक एकदम ६० किलोवॉटच्या चार्जरवर लावले तर ६०० किलोवॉट, म्हणजे हाय-टेन्शन कनेक्शन, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, आणि मागणीच्या किलोवॉटप्रमाणे लागणारा डिमांड चार्ज. तेच १० ट्रक प्रत्येकी १०० युनिट आठ तासांत सावकाश घेत असतील तर चार्जिंगमधला तोटा धरूनही १४० किलोवॉटमध्ये भागतं. मॉडेलमध्ये चार्जरची संख्या आणि मंजूर भार या दोन वेगळ्या मर्यादा ठेवा. भिवंडीसारख्या ठिकाणी तर गोडाऊन एकाचं, भाडेकरू दुसरा आणि गाडी तिसऱ्याची असते, तिथे ट्रान्सफॉर्मरचा खर्च कोण करणार यावर सगळं अडतं. हे सिम्युलेशनमध्ये येत नाही, पण 'फक्त जिथे गोडाऊन आणि गाडी एकाच कंपनीकडे आहे तिथेच डेपो चार्जिंग' असा एक सिनारिओ नक्की करता येतो.

निकाल मांडताना 'इतके टक्के गाड्या, इतके टक्के घट' असं लिहू नका. पोचवलेल्या प्रत्येक टनामागे किती किलो कार्बन, असं लिहा, म्हणजे फेऱ्या वाढल्या, गाडी रिकामी फिरली, क्षमता कमी पडली हे सगळं त्यात आपोआप येतं. आणि एक आकडा देऊ नका, पट्टा द्या, आजचं ग्रिड ते पुढचं, रात्रीचं चार्जिंग ते दिवसाचं, कायदेशीर वजन ते प्रत्यक्षातलं. कुठल्या गोष्टीने पट्टा सगळ्यात जास्त हलतो तेही सांगा. महापालिकेला किंवा कंपनीला तुमच्या थिसिसमधून हीच गोष्ट वापरता येईल.

डेटासाठी ट्रान्सपोर्टरकडे जाताना प्रश्नावली घेऊन जाऊ नका, वेळ कुणालाच नसतो. गोडाऊनचं गेट रजिस्टर आणि जीपीएसची फाईल मागा, गाडी नंबर आणि ग्राहकांची नावं काढून द्या म्हणा, म्हणजे ते लवकर तयार होतात. तुम्हाला लागणाऱ्या गोष्टी अशा, आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ, बिल्टीवरचं वजन, किती ठिकाणी माल उतरवला, परत येताना रिकामी आली का भरून. शिवाय रात्री गाडी कुठे उभी असते ते हवं. हे शेवटचं कुठे वेगळं लिहिलेलं नसतं, पण दिवसातला इग्निशन बंद झालेला शेवटचा पॉइंट घेतला की कळतं. महिन्याभराचे असे पॉइंट नकाशावर टाका आणि मग चार्जरच्या जागांचा विचार सुरू करा.